ताटात काय, हाडात काय



आज आपल्याला आपल्या शरीराबद्दल बोलायचे आहे. हाडे कशी असतात, स्नायू कसे चालतात, आणि ही दोन्ही कशावर जगतात, हे आपण पाहू. मी काही डॉक्टर नव्हे. मॅट्रिक झालो, मास्तर झालो, पुढे हेडमास्तर झालो आणि निवृत्त झालो. तीस-बत्तीस वर्षे मी हा धडा मुलांना शिकवला. "माणसाच्या अंगात हाडे किती?" मी विचारायचो. "दोनशे सहा, गुरुजी!" सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा. मला वाटायचे, झाले, धडा संपला. तो संपला नव्हता. तो पुढे मला माझ्याच घरात शिकावा लागला. ते मी सांगणारच आहे. आधी एक खेळ आठवू.

गटारीला किंवा जत्रेला घरी कोंबडी कापली, की तिचे पाय आम्हा पोरांच्या हाती लागायचे. तुम्हीही खेळला असाल. तोडलेल्या टोकाला एक पांढरी, चिवट दोरी दिसते. ती ओढली की पंजाची बोटे मिटतात. सोडली की बोटे सैल पडतात. त्या पंजाने आम्ही बहिणींना चिमटे काढायचो आणि मग आयसच्या हातचा मार खायचो.

त्या पांढऱ्या दोरीला पुस्तकात कंडरा म्हणतात. जिवंत कोंबडीत ती दोरी कोण ओढते? वरच्या तंगडीतले लाल मांस ओढते. तेच मांस म्हणजे स्नायू. एका बाजूला स्नायू, दुसऱ्या बाजूला हाड, आणि मध्ये दोरी. आपल्या अंगातही हीच जोडणी आहे.

खोटे वाटते? मग आत्ताच करून पाहा. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा. आता उजव्या हाताची बोटे हलवा. हलतात बोटे, पण तुमच्या डाव्या हाताला कोपराखाली हालचाल लागते. लागली ना? बोटे मिटवणारे मांस बोटांत नाहीच. ते वर बसले आहे. तिथून मनगटावरून दोऱ्या खाली गेल्या आहेत.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. स्नायू फक्त ओढतो. तो कधीही ढकलत नाही. होडी धक्क्याला बांधायचा दोर घ्या. दोराने होडी ओढता येते. दोराने होडी ढकलता येईल काय? नाही. दोर नुसता ढिला पडेल. स्नायूचे तसेच आहे. तो आखडतो आणि ओढतो, नाही तर सैल पडतो.

मग हात वाकवल्यावर पुन्हा सरळ कसा होतो? त्यासाठी मागच्या बाजूला दुसरा स्नायू आहे. दंडाच्या पुढचा स्नायू आखडला, की हात वाकतो. त्या वेळी मागचा ढिला होतो. मागचा आखडला, की हात सरळ होतो आणि पुढचा ढिला पडतो. दोघे भाऊ आळीपाळीने काम करतात. अशा जोड्या अंगभर आहेत. सगळे स्नायू मोजले तर सहाशेच्या वर भरतात.

आपल्या बंदरातल्या मोठ्या क्रेन तुम्ही रोज बघता. १९८९ साली हे बंदर सुरू झाले. आता त्या क्रेन गावाहूनही उंच दिसतात. क्रेनचा लोखंडी हात म्हणजे हाड समजा. पोलादी दोर म्हणजे स्नायू समजा. नुसता हात काही उचलणार नाही. नुसता दोरही काही उचलणार नाही. हात ताठ राहतो म्हणून दोराला ओढता येते. पण क्रेनमध्ये आणि आपल्यात एक फरक आहे. क्रेनचा दोर झिजला तर बाहेरून नवा आणावा लागतो. आपला दोर आपण जेवलेल्या अन्नातून रोज आतल्या आत दुरुस्त होतो. अन्नच नसेल तर दुरुस्ती कशाची?

पाठीचा कणा कसा उभा राहतो, हे कोळी बांधवांना सांगायला नको. शिडाच्या होडीची डोलकाठी आठवा. नुसती डोलकाठी वाऱ्यात उभी राहत नाही. तिला चहूबाजूंनी दोर ताणून बांधावे लागतात. एका बाजूचा दोर ढिला झाला, की काठी दुसऱ्या बाजूला कलते. कणा म्हणजे डोलकाठी. पाठीचे, पोटाचे आणि कुशीचे स्नायू म्हणजे ते दोर. पोट सुटले आणि पोटाचे स्नायू ढिले पडले, की कमरेवर ताण येतो. म्हणून दिवसभर ट्रेलर चालवणारी आमची तरुण पोरे पस्तिशीतच कंबर धरून खाली उतरतात. त्यांचे बाप तर मिठागरात दिवसभर खपायचे.

ओझ्याचेही एक गणित आहे. घराचा दरवाजा कडीपाशी धरून ढकला. एका बोटाने उघडतो. आता तोच दरवाजा बिजागरीजवळ बोट ठेवून ढकला. जोर लावूनही हलत नाही. आपल्या कोपरात स्नायूची दोरी अगदी बिजागरीजवळ, दोन बोटांच्या अंतरावर बांधलेली आहे. ओझे मात्र दूर, तळहातावर असते. म्हणून हात पुढे वाकवून पाच किलोची पाटी धरली, तर दंडाच्या स्नायूला पस्तीस-चाळीस किलोची ओढ लावावी लागते. कमरेत वाकून पोते उचलताना पाठीच्या स्नायूंचे असेच हाल होतात. त्यापेक्षा गुडघे वाकवा, ओझे छातीशी घ्या आणि मग उठा. डोक्यावर पाटी नेणाऱ्या बायका ताठ चालतात, ते उगीच नव्हे. ताठ चालले की ओझे हाडांच्या खांबावरून सरळ खाली जमिनीत जाते.

आता स्नायूच्या आत काय चालते ते पाहू. दोन्ही हातांची बोटे समोरासमोर धरा. एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांच्या फटींत सरकवा. हात जवळ आले ना? स्नायूच्या आत असेच बारीक धागे असतात. हुकूम आला, की ते एकमेकांत सरकतात आणि स्नायू आखूड होतो. हुकूम मेंदूकडून येतो. तो नसांमधून येतो. धागे सरकवायला इंधन लागते. ते इंधन भात, भाकरी, गूळ, तेल यांतून मिळते. पण धागे स्वतः कशाचे बनले आहेत? ते प्रथिनांचे. प्रथिने मासळीत, अंड्यात, डाळीत, वालात, दुधात आणि मटणात असतात. भातात थोडी असतात, पण नुसत्या भातावर भागत नाही. भाताबरोबर डाळ किंवा वाल असले, तर एकाची उणीव दुसरा भरून काढतो. आपले जुने लोक पुस्तके न वाचता हे करत आले. भात कापला, की त्याच ओलीवर वाल पेरायचे. थंडीत पोपटी लावायची. त्या मडक्यात प्रथिनेच शिजतात, फक्त आपण त्याला पोपटी म्हणतो.

मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे साधारण एक ग्रॅम प्रथिने दिवसाला पुरतात. साठ किलोच्या माणसाने पन्नास-साठ ग्रॅम धरावी. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. सुक्या बोंबलात तर वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रथिनेच असतात. माझा एक जुना विद्यार्थी व्यायामशाळेत जातो. तो हजारो रुपयांचा पावडरीचा डबा आणतो. त्याची आई सुकी मासळी विकते. मी त्याला म्हटले, "अरे बाबा, तुझ्या आईच्या टोपलीत जे आहे तेच तू डब्यात विकत घेतोस." तो हसला. डबा काही त्याने सोडला नाही. असो.

पण नुसते खाऊनही स्नायू होत नाही, हेही खरे. स्नायूला काम द्यावे लागते. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले पदक. खुराक तर अनेकांना मिळतो. तालमीच्या मातीत रोज घाम गाळल्याशिवाय तो अंगी लागत नाही.

आता हाडांकडे वळू. लोकांना वाटते, हाड म्हणजे दगड. मेल्यावर राहते तेच आपण बघतो ना! पण अंगातले हाड जिवंत असते. त्यात रक्त वाहते. मोडले तर ते पुन्हा जुळते. दगड फुटला तर जुळतो काय? मूल जन्मते तेव्हा त्याच्या अंगात हाडांचे सुमारे तीनशे तुकडे असतात. वाढता वाढता काही तुकडे एकमेकांना जुळतात आणि मोठेपणी दोनशे सहा हाडे राहतात. मांडीचे हाड सर्वांत लांब. कानाच्या आतले एक हाड सर्वांत लहान, तांदळाच्या दाण्याहूनही लहान.

हाडात मुख्यतः दोन वस्तू असतात. एक वस्तू चिवट, वाकणारी. ती प्रथिनांची. दुसरी कडक, चुन्यासारखी. तिच्यात कॅल्शियम असते. घर बांधताना काँक्रीटमध्ये सळ्या घालतात. सळ्या ओढ सहन करतात, काँक्रीट भार सहन करते. हाडाचे तसेच आहे. चुलीत पडलेले हाड पाहा. त्यातली चिवट वस्तू जळून जाते. हाड दिसते जसेच्या तसे, पण बोटाने दाबले की भुगा होतो. याच्या उलट करायचे असेल, तर हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचे. आंबटामुळे कडक वस्तू विरघळून जाते आणि चिवट तेवढी राहते. मी आज एक बरणी आणली आहे. तिच्यात कोंबडीच्या तंगडीचे हाड परवापासून व्हिनेगरमध्ये आहे. तिच्याकडे नंतर येऊ.

हाड एकदा बनले की झाले, असेही नाही. आपला खारबांध आठवा. बांध एकदा घातला, की जन्मभर टिकतो काय? चिंबोऱ्या भोके पाडतात. उधाणाचे पाणी माती नेते. दर वर्षी गाव जमून माती टाकावी लागते. एक वर्ष आळस केला, की खांड पडते, खारे पाणी आत शिरते आणि शेत गेले. हाडातही असेच चालते. एक टोळी जुने हाड खणत असते. दुसरी टोळी तिथे नवे हाड भरत असते. असे करता करता दहा-एक वर्षांत सगळा सांगाडा जवळजवळ नवा होतो. तरुणपणी भरणारी टोळी जोरात असते. विशी-तिशीपर्यंत हाड भरत जाते. नंतर हळूहळू खणणारी टोळी वरचढ होते. बायकांची मासिक पाळी थांबली, की पुढची काही वर्षे खणण्याचे काम फारच वाढते. तरुणपणी बांध रुंद घातला असेल, तर म्हातारपणी तो खचूनही उभा राहतो. मुळातच अरुंद असेल, तर एका उधाणात जातो.

आणखी एक गोष्ट आहे, ती महत्त्वाची. अंगातल्या शंभर भाग कॅल्शियमपैकी नव्व्याण्णव भाग हाडांत आणि दातांत असते. उरलेला एक भाग रक्तात आणि मांसात असतो. पण त्या एका भागावाचून जगता येत नाही. हृदयाचा ठोका त्यावर चालतो. स्नायूचे धागे सरकायलाही तेच लागते. म्हणून रक्तात ते कमी झाले, की शरीर वाट बघत नाही. ते हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात टाकते. हाड म्हणजे घरातली धान्याची कणगी. रोज कणगीतून काढायचे आणि भरायचे काहीच नाही, असे चालले तर काय होईल? बाहेरून कणगी तशीच दिसते. आत तळ लागलेला असतो.

तसेच माझ्या घरात झाले.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावण महिना होता. अंगणात शेवाळ धरले होते. माझी पत्नी कपडे वाळत घालायला गेली. पाय घसरला आणि ती बसल्यासारखी पडली. उंचावरून नाही, ओट्यावरूनही नाही. उभ्याची खाली बसली, एवढेच. पण तिला उठता येईना. खुब्याचे हाड मोडले होते. तिचे वय तेव्हा सत्तावन्न.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला. म्हणाले, "गुरुजी, ती पडली म्हणून हाड मोडले हे खरे. पण एवढ्याशा पडण्याने धड हाड मोडत नाही. हाड आधीच पोकळ झाले होते." मग त्यांनी तिला विचारले, "बाई, तुम्ही रोज काय जेवता?"

ती म्हणाली, "सगळे जेवतात तेच."

मंडळी, ते खरे नव्हते. आणि ते खरे नाही हे मला त्या क्षणी, त्या खाटेपाशी उभे असताना कळले. लग्नाला पस्तीस वर्षे झाली होती. पस्तीस वर्षांत मी तिचे ताट एकदाही पाहिले नव्हते. कारण ती जेवायला बसायची तेव्हा मी उठून गेलेलो असायचो. आधी मी आणि माझे वडील. मग मुले. मग माझी आयस. शेवटी ती. मासळीच्या तुकड्या आमच्या ताटात. तिच्या वाट्याला भात आणि तळाचे कालवण. दूध मुलांना. तिला चहात पडेल तेवढे. अंडी आणली तर मोजून आणायची आणि मोजताना तिला धरायचेच नाही. हे तिला कुणी सांगितले नव्हते. मीही सांगितले नव्हते. पण मी विचारलेही नव्हते. तीन मुले तिने पोटात वाढवली आणि अंगावर पाजली. पोटातल्या मुलाची हाडे आईच्याच अंगातून बनतात. दुधातले कॅल्शियमही तिथूनच जाते. ते पुन्हा भरायला तिच्या ताटात होते काय? आणि मी शाळेत मुलांना विचारत होतो, हाडे किती?

शस्त्रक्रिया झाली. लोखंड बसवले. आधी ती चौपायी धरून चालली, आता काठीने चालते. आम्ही आता एकदम जेवायला बसतो. पहिले दोन महिने तिला ते जमेना. वाढायला उठायची. मग मी भांडी मध्येच आणून ठेवायला लागलो. ज्याला हवे त्याने घ्यावे. सुना हसल्या, मग त्याही बसायला लागल्या.

तिने डॉक्टरांना विचारले होते, "आता या वयात खाऊन काय उपयोग?" डॉक्टर म्हणाले, "भरणारी टोळी अजून कामावर आहे. तिला माल द्या." त्यांनी औषध दिले, गोळ्या दिल्या. त्या डॉक्टरला विचारूनच घ्याव्यात. पण ताटातला माल आपल्या हातात आहे. तो कोणता ते सांगतो.

मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा हजारावा भाग. अंगावर पाजणाऱ्या आईला आणि पाळी थांबलेल्या बाईला आणखी थोडे जास्त लागते. आपले मुख्य अन्न तांदूळ. दिवसभरात अर्धा किलो तांदूळ खाल्ला, तरी त्यातून पन्नास मिलिग्रॅमच्या वर मिळत नाही. म्हणजे विसावा भाग. पेलाभर दुधातून अडीचशेच्या आसपास मिळते. शंभर ग्रॅम नाचणीतून साडेतीनशेच्या आसपास. शेवग्याच्या पाल्यात शंभर ग्रॅमला तीनशेच्या वर. गोकुळाष्टमीला आपण ती भाजी करतो. मग वर्षभर त्या झाडाकडे का बघत नाही? दारात झाड असते, आणि आपण फक्त शेंगा काढतो. तिळातही कॅल्शियम भरपूर आहे.

आणि आपली बारीक मासळी! जवळा, सुकट, मांदेली. ही आपण काट्यासकट खातो. म्हणजे माशाचे हाड आपल्या पोटात जाते. सुक्या बारीक मासळीत दुधाच्या कित्येक पट कॅल्शियम असते. पापलेटची तुकडी चवीला चांगली, पण तिचे हाड आपण बाजूला काढून टाकतो. माझ्या लहानपणी पाहुणा आला, की आयस सुकटीचे भांडे झाकून ठेवायची. ते गरिबाचे अन्न म्हणून लाज वाटायची. मीही मास्तर झाल्यावर सुकटीला नाक मुरडायला लागलो होतो. हाडांच्या हिशेबात सुकट पुढे आणि पापलेट मागे आहे. फक्त खारवलेली सुकी मासळी दोन-तीनदा धुऊन घ्या. जास्त मीठ पोटात गेले, की लघवीवाटे कॅल्शियमही जास्त जाते. रक्तदाब वाढतो तो वेगळाच. मीठ पिकवणाऱ्यांना मीठ कमी खा म्हणणे जिवावर येते, पण सांगायला हवे. दिवसाला सगळे मिळून एक लहान चमचा, पाच ग्रॅम, पुरे.

मागच्या गुरुवारी एका बाबांनी विचारले, "गुरुजी, मी तंबाखूला रोज चुना लावतो. मग माझी हाडे पक्की ना?" सगळे हसले. बाबा, त्या चुन्याने तोंड भाजते आणि तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. हाडे पक्की होण्याआधी जबडाच जायचा. बायकांच्या मशेरीलाही हेच लागू आहे. आणि विडी ओढणाऱ्याचे मोडलेले हाड उशिरा जुळते, हे डॉक्टरही सांगतात.

भाताबद्दल एक जुनी हकिगत सांगतो. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी जावा बेटावर आइकमन नावाचे डच डॉक्टर होते. तिथे बेरीबेरी नावाचा रोग फार होता. माणसाच्या पायातला जोर जायचा, चालता येईना, पुढे हृदय थकायचे. आइकमन यांच्याकडे कोंबड्या होत्या. त्यांचेही पाय लुळे पडले. मग एकाएकी कोंबड्या बऱ्या झाल्या. शोध केला तेव्हा कळले, की काही महिने कोंबड्यांना चकचकीत सडलेला पांढरा तांदूळ घालत होते. तो बंद करून कोंडा असलेला तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या उठल्या. तांदळाच्या वरच्या लाल पापुद्र्यात एक जीवनसत्त्व असते. ते गेले, की नसा आणि स्नायू चालत नाहीत. या कामाबद्दल आइकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्वी आपल्याकडे भात उखळात कांडायचे. त्यात पापुद्रा थोडा तरी राहायचा. आता गिरणीत तांदूळ मोत्यासारखा होतो आणि आपण त्यालाच चांगला म्हणतो. उखळ परत आणा असे मी म्हणत नाही. कांडणाऱ्या बायकांचे खांदे मी पाहिले आहेत. पण गिरणीवाल्याला सांगता येते, "दादा, एकदाच सड." उकडा तांदूळही चांगला. उकडताना ते जीवनसत्त्व दाण्यात मुरते. आणि भाताची पेज गटारात ओतू नका.

स्नायूला रक्त लागते आणि रक्ताला लोह लागते. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, असे २०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणीत दिसले. जिना चढताना धाप लागते, मांड्या भरून येतात. आपण म्हणतो, कामाने दमली. तिसऱ्या, मटणाची कलेजी, मासळी आणि हिरवा पाला यांत लोह असते. जेवताना लिंबू पिळा, म्हणजे पाल्यातले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नका. चहा लोह अडवतो.

आता राहिले ऊन. खाल्लेले कॅल्शियम अंगात घ्यायला एक जीवनसत्त्व लागते, त्याला ड म्हणतात. ते आपल्या कातडीत उन्हाने तयार होते. लहान मुलांना ते मिळाले नाही, तर मुडदूस होतो, पाय धनुष्यासारखे वाकतात. मिठागरात आणि शेतात राबणाऱ्या आमच्या आयांना ऊन हवे त्याहून जास्त मिळायचे. आताच्या मुली सकाळी तोंडाला फडके बांधून गाडीवर बसतात आणि दिवसभर दिव्याखाली काम करतात. काचेतून आलेले ऊन यासाठी चालत नाही. उघड्या हातापायांवर ऊन पडायला हवे. आठवड्यातून काही दिवस, भर दिवसा, वीस-तीस मिनिटे. आपली कातडी सावळी, तिला थोडे जास्तच लागते.

शेवटी कामाबद्दल दोन शब्द. सुनीता विल्यम्स यांचे नाव तुम्ही बातम्यांत ऐकले असेल. जून २०२४ मध्ये त्या अंतराळात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये परत आल्या. तिथे वजन जाणवत नाही. पायांवर भार नाही. भार नाही म्हटल्यावर शरीर म्हणते, मग एवढे हाड कशाला हवे? ते हाड काढायला लागते. मांड्यांच्या आणि कमरेच्या हाडांचा शंभरातला एक-दीड भाग दर महिन्याला कमी होतो. म्हणून तिथे रोज दोन तास व्यायाम करावा लागतो. एवढे करूनही परत आल्यावर त्यांना स्ट्रेचरवरून नेले. जे अंतराळात होते तेच खाटेवर पडून राहणाऱ्याचे होते, हळूहळू. माझ्या पत्नीला शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांनी उभे केले. ती रडत होती. मला त्यांचा राग आला होता. आता येत नाही. हाडावर भार पडला, की भरणाऱ्या टोळीला हुकूम जातो.

ती रोज संध्याकाळी काठी घेऊन धक्क्यापर्यंत जाते. मी बरोबर असतो. परवा म्हणाली, "तुम्ही हळू चालता हो."

बरे, आता ती बरणी. ही इथे फळ्याखाली ठेवून जातो. हाड अजून कडक आहे, मी सकाळी पाहिले. मधेच एकदा येऊन मी व्हिनेगर बदलीन. पुढच्या गुरुवारी ते बाहेर काढू आणि ज्याला हवे त्याने वाकवून पाहावे. तोपर्यंत कुणी झाकण उघडू नका. वास फार येतो.